टाकलेल्या राणीचं गाव

आंब्वाझच्या किल्ल्यात बहुतेक जण लिओनार्दो दा विंचीच्या थडग्यापाशी घोळका करतात. मी तिथून लवकर निघाले, कारण मला एक दार बघायचं होतं. ७ एप्रिल १४९८ रोजी फ्रान्सचा राजा आठवा शार्ल चेंडूचा खेळ बघायला निघाला. वाटेतल्या बुटक्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं आणि काही तासांत तो गेला. शब्दशः कपाळमोक्ष. वय सत्तावीस, मागे एकही मूल नाही. गादी गेली भावकीतल्या ऑर्लेआँच्या लुईकडे. लुईची बायको म्हणजे मेलेल्या राजाचीच सख्खी बहीण, झान. म्हणजे त्या एका चौकटीने झानला राणी केलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचं राणीपण गेलंही.

या झानच्या मागावर मी फेब्रुवारीत इथे आले होते. फ्रान्सला येण्याचा हा महिना नव्हे, हे सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण तिचा सण ४ फेब्रुवारीला असतो, त्याला माझा इलाज नव्हता. लुआर नदीवर धुकं इतकं दाट, की पलीकडचा काठ दुपारी बारापर्यंत दिसलाच नाही.

झान १४६४ साली जन्मली. बाप राजा अकरावा लुई. फ्रेंच माणसं आजही त्याला ‘कोळी’ म्हणतात, कारण बसल्या जागी जाळं विणायचा. मुलगी शरीराने वाकडी, लंगडी. तिला लहानपणीच दूर बेरी प्रांतात लिनिएरच्या गढीवर वाढायला ठेवलं. बारा वर्षांची झाल्यावर ऑर्लेआँच्या चौदा वर्षांच्या लुईशी लग्न लावून दिलं. यात बापाचं गणित होतं: हिला मूल होणार नाही, म्हणजे राजघराण्यातली ऑर्लेआँची शाखा खुंटेल. या दोघांच्या मुलांना पोसायला फारसा खर्च यायचा नाही, असं त्याने आपल्या एका सरदाराला पत्रात लिहून ठेवलं आहे. पोटच्या पोरीबद्दल. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून चहा करायला उठले होते.

किल्ल्याखाली गावात सेंट डेनिसचं जुनं चर्च आहे. बाहेरून अंग चोरून बसल्यासारखं. १७ डिसेंबर १४९८ ला इथे काडीमोडाचा निकाल वाचला गेला. चर्चच्या भाषेत काडीमोड नव्हेच, ‘लग्न झालंच नव्हतं’ असा निवाडा. बावीस वर्षांच्या संसारानंतर! लुईला शार्लची विधवा, ब्रिटनीची अ‍ॅन, करायची होती, कारण तिच्याबरोबर ब्रिटनी हा प्रांत येत होता. म्हणून त्याने सगळी कारणं गोळा केली: आम्ही नात्यातले, तिचा बाप माझा धर्मपिता, लग्न धाकाने लावलं, आणि आमचा शरीरसंबंध कधी आलाच नाही.

मला वाटत होतं की झानने हे सगळं मुकाट सोसलं असेल. संतचरित्रं तिला तशीच रंगवतात, डोळे खाली, हात जोडलेले. प्रत्यक्षात ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली आणि उत्तरं दिली. इतर बायकांइतकी मी देखणी नाही हे मला ठाऊक आहे, असं तिने कबूल केलं. पण म्हणून मी लग्नाला नालायक आहे, हे मान्य केलं नाही. दायांकडून तपासणी करून घ्यायला तिने नकार दिला. राजाने स्वतः शपथेवर सांगावं, मी ते मानीन, असं म्हणाली. चेंडू त्याच्या अंगणात टाकला. त्याने शपथ घेतली. खोटी की खरी, ते त्या दोघांनाच ठाऊक. माझं मत मी राखून ठेवते. निकालाच्या दिवशी भरदुपारी इतकं अंधारून आलं की मशाली लावाव्या लागल्या, असं सांगतात. मी गेले तेव्हाही आत दिवे लागलेले होते, पण ते फेब्रुवारीमुळे.

आंब्वाझहून गाड्या बदलत, व्हिएर्झाँमार्गे, संध्याकाळी बूर्जला पोचले. लुईने झानला बेरीची डचेस केलं आणि ती १४९९ च्या मार्चमध्ये या गावी राहायला आली. गंमत अशी, की याच बूर्जच्या बुरुजात कधीकाळी लुई कैदेत होता. १४८८ मध्ये राजाविरुद्ध बंड करून तो हरला, पकडला गेला. तेव्हा भावाकडे पदर पसरून त्याला सोडवण्यासाठी धडपडणारी हीच झान. सुटल्यावर तो राजा झाला आणि तिला दिलं काय, तर आपल्या तुरुंगाचं गाव. तो बुरुज सतराव्या शतकात पाडला. मराठीत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात. हा शब्द मला त्या रात्री हॉटेलच्या थंड खोलीत सारखा आठवत होता. टाकलेली बाई माहेरी परत जाते. हिचं माहेर म्हणजे ते कोळ्याचं जाळं.

सकाळी कॅथेड्रल. सेंट एतिएनच्या या चर्चला समोरून पाच दारं आहेत आणि आत मधे आडवा छेद नाही, त्यामुळे नजर थेट शेवटपर्यंत जाते. १४२४ सालचं खगोलीय घड्याळ आहे. हे झानने पाहिलं असणार, तिच्या बापाचा बाप्तिस्माही इथलाच. मात्र उत्तरेचा मनोरा तिने पाहिला तो हा नव्हे. तिच्यानंतर दोन वर्षांच्या आत, १५०६ च्या शेवटच्या दिवशी तो कोसळला. पुन्हा बांधायला पैसा आला तो उपवासाच्या दिवसांत लोणी खायच्या परवानगीच्या मोबदल्यात, म्हणून त्याचं नाव लोण्याचा मनोरा. एकादशीला साबुदाणा चालतो का यावर आमच्या घरी होणारे वाद आठवून मला एकटीलाच हसू आलं.

तिचा राजवाडा होता तिथे आता सरकारी कचेऱ्या आहेत. तिने उभारलेल्या मठात तिला पुरलं होतं, तेही राहिलं नाही. १५६२ मध्ये ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, सैन्याने गाव लुटलं तेव्हा तिचं शव उकरून जाळलं. लुई आणि अ‍ॅनचं संगमरवरी थडगं पॅरिसजवळ दिमाखात उभं आहे, हिच्या नावाची मूठभर माती नाही. काय बघायचं ते न कळून मी दलदलीकडे निघाले. गावाला लागून १३५ हेक्टरांवर पसरलेले हे मळे, मधून पाण्याच्या पाटांचं जाळं. एक आजोबा सपाट होडीतून लीकची जुडी घेऊन चालले होते. ‘बाँझूर’ म्हटलं, त्यांनी टोपी उचलली. खिशातली फोरेस्तीन, म्हणजे वरून रेशमासारखं साखरेचं कवच आणि आत बदाम-हेझलनटचं सारण असलेली इथली १८७९ पासूनची गोळी, तोंडात टाकली आणि बस गाठली.

बस गेली सँ-दुलशारला, गावाच्या वेशीवरच. तिथे झानने काढलेल्या जोगिणींच्या संघाचा, ‘आनाँसियाद’चा मठ आहे. १४९९ ला प्लेग आला तेव्हा ती गाव सोडून गेली नाही. कारभार सांभाळला, आणि गाब्रिएल-मारिया या फ्रान्सिस्कन गुरूच्या मदतीने नव्या संघाची नियमावली तयार करून रोमला पाठवली. १५०२ मध्ये तिला मंजुरी दिली सहाव्या अलेक्झांडर पोपने. ज्याच्या दरबारातून लुईला हवा तो निवाडा मिळाला, तोच हा पोप. पोपच्या मुलाला त्या व्यवहारात फ्रान्सची जहागीर मिळाली होती. झानने त्याच दारावर जाऊन आपलं काम करून आणलं. १५०५ मध्ये ती वारली. संत म्हणून मान्यता मिळायला मात्र १९५० उजाडलं.

सायंप्रार्थनेला बसले. जोगिणींचा राखाडी झगा, त्यावर लाल पट्टा, पांढरा अंगरखा. मठप्रमुखाला इथे ‘आन्सेल’ म्हणतात, म्हणजे दासी. राजकन्येने काढलेल्या संघात हा शब्द.

नंतर एका वृद्ध जोगिणीने मला दहा मण्यांची छोटी माळ दाखवली. मारियामातेचे दहा गुण, एकेका मण्याला एक. माझं फ्रेंच बेताचं, म्हणून ती सावकाश, बोट ठेवून सांगत गेली. मी सोशिकपणाची वाट बघत होते. मला वाटलं पहिलाच असेल. पहिला निघाला निर्मळपणा. दुसऱ्यावर बोट ठेवून तिने कपाळाला हात लावला. शहाणपण. सोशिकपणा आला तो आठव्या मण्यावर.