कॅनडाच्या बिअरची तुलना: ताजेपणा वेगळा काढल्यानंतरची नोंद

मागच्या टप्प्यात मोठ्या कंपन्यांच्या लागर (थंड तापमानात सावकाश आंबवलेली बिअर) आणि लहान ब्रुअरींच्या लागर यांची तुलना झाली होती. या टप्प्यासाठी मी एकच प्रश्न घेतला: ज्याला आपण सरसकट बिअरचा दर्जा म्हणतो, त्यात ब्रुअरीच्या कसबाचा वाटा किती, आणि ती बाटली किती दिवस, कुठे व कोणत्या उजेडात पडून होती याचा वाटा किती? ओंटारिओत राहून हा प्रश्न तपासणे सोपे आहे, कारण एलसीबीओच्या, म्हणजे प्रांताच्या सरकारी मद्यविक्री संस्थेच्या, एकाच दुकानात देशाच्या बऱ्याच भागांतील बिअर शेजारी शेजारी मांडलेली असते. मात्र तिथवर पोहोचेपर्यंत प्रत्येकीने केलेला प्रवास सारखा नसतो.

पद्धत अशी ठरवली. कॅनच्या तळाशी किंवा बाटलीच्या लेबलवर छापलेली तारीख वाचल्याखेरीज काहीही विकत घ्यायचे नाही, घरी आणल्यावर सर्व काही फ्रिजमध्येच ठेवायचे आणि चव घेताना नाव माहीत असू द्यायचे नाही. काही ब्रुअरी भरल्याची तारीख छापतात, तर काही केवळ कधीपर्यंत प्यावी ती तारीख छापतात, म्हणून वहीत या दोन्हींसाठी वेगळे रकाने केले आहेत. ओतण्याचे काम माझा नवरा स्वयंपाकघरात करतो आणि तीन सारखे पेले बाहेर आणून ठेवतो. त्यांपैकी दोन पेल्यांत एकच बिअर असते आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला ओळखता आला तरच पुढे कोणती अधिक आवडली हे लिहायचे. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येऊ शकते, त्यामुळे एकाच जोडीची चाचणी अनेकदा घ्यावी लागते आणि हे काम सावकाशीचे आहे.

उजेडाचा परिणाम तपासण्यासाठी हिरव्या बाटलीतली एक लागर घेतली आणि तिचीच कॅनमधली जोडी सोबत ठेवली. बाटली दुपारच्या उन्हात खिडकीत ठेवली, कॅन कपाटात ठेवला, नंतर दोन्ही सारख्याच थंड केल्या. पेला नाकाशी नेताच फरक कळला: बाटलीतल्या बिअरला उग्र, गंधकासारखा दर्प आला होता, तर कॅनमधली स्वच्छ होती. हॉप्समधून (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांमधून) येणाऱ्या कडवट द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांचे विघटन होऊन गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि ते इतके तीव्र असते की अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी काच फारसा अडवत नाही आणि कॅनमध्ये तो शिरतच नाही. हिरव्या बाटलीतल्या बिअरचा तो दर्प हीच तिची मूळ चव मानणारे पुष्कळ लोक मला भेटतात. त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की तीच बिअर एकदा कॅनमधून किंवा बंद खोक्याच्या तळातून काढून प्यावी.

ही काळजी घेतल्यावर लागरचे चित्र बदलले. मोल्सन कॅनेडियन आणि लॅबॅट ब्लू या दोन्ही ताज्या असताना मला त्या वेगळ्या ओळखणे जड गेले. दोन्ही हलक्या, किंचित गोडसर आणि शेवटी पटकन विरून जाणाऱ्या आहेत. मोल्सनची सुरुवात 1786 साली माँट्रियलमध्ये झाली आणि लॅबॅटची 1847 साली ओंटारिओतील लंडनमध्ये; आज पहिली मोल्सन कूर्सचा भाग आहे आणि दुसरी एबी इनबेव्हच्या मालकीची आहे. वर्षानुवर्षे एकाच चवीची बिअर प्रचंड प्रमाणावर करणे हे मोठे कसब आहे, आणि दोष न सापडणे या अर्थाने या दोघींचा दर्जा उत्तम आहे, असे मी प्रामाणिकपणे लिहिते. त्यांच्यात उणीव आहे ती सांगण्यासारख्या चवीची. न्यू ब्रन्सविकच्या सेंट जॉन शहरातली मूसहेड अजूनही एका कुटुंबाच्या मालकीची आहे, आणि तिच्या लागरमध्ये हॉप्स थोडे अधिक जाणवतात.

टोरोंटोच्या जुन्या रेल्वे राउंडहाउसमध्ये (इंजिने ठेवण्याच्या गोलाकार शेडमध्ये) 2000 सालापासून चालणाऱ्या स्टीम व्हिसलची पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) मात्र तीन पेल्यांच्या चाचणीत दरवेळी वेगळी ओळखू आली. ब्रेडच्या कडेसारखी माल्टची (मोड आणून वाळवलेल्या सातूची) चव आधी येते, मग गवतासारखे हॉप्स येतात आणि शेवटचा कोरडा कडवटपणा पुढचा घोट मागतो. क्रीमोर स्प्रिंग्जची लागर रंगाने तांबूस आणि चवीला कॅरमेलकडे झुकणारी आहे. ती ब्रुअरी 2005 साली मोल्सनने घेतली तेव्हा चव बिघडेल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती, पण आज पेल्यात जे आहे ते चांगले आहे. मालकी पाहून गुण कापण्याची सवय आपण सोडावी.

आयपीएच्या (इंडिया पेल एल, हॉप्सवर भर असलेली बिअर) बाबतीत नावावर विसंबून चालत नाही. हॅलिफॅक्सशी नाते सांगणारी अलेक्झांडर कीथ्सची आयपीए 5 टक्के मद्यार्काची, सौम्य आणि जवळजवळ न कडवट अशी आहे. ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरियाच्या ड्रिफ्टवुड ब्रुअरीची फॅट टग 7 टक्क्यांची असून तिच्यात चकोतरा आणि पाइनच्या चिकाचा वास भरून असतो. या दोन बिअर एका रकान्यात मांडण्यात काहीच हशील नाही, म्हणून मी कीथ्सला हलक्या एलच्या (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरच्या) पानावर हलवले आहे. फॅट टगसारख्या बिअरमध्ये तारखेचे महत्त्व सर्वांत जास्त असते. हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांतच मंदावतो, कडवटपणा मात्र मागे राहतो, आणि मग पिणारा ब्रुअरीलाच बोल लावतो.

या टप्प्यात सर्वाधिक वेळ क्वेबेकला दिला, आणि तो सार्थकी लागला. शाम्बली गावच्या युनिब्रूची ब्लांश द शाम्बली ही 5 टक्क्यांची गव्हाची बिअर आहे. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते. आपल्या किराणा दुकानातले लांबट, फिकट हिरवट धने मी तळहातावर चुरडले आणि पेल्याशेजारी हुंगले, तेव्हा बिअरमधला वास नेमका कोठून येतो ते लगेच कळले. भाजलेल्या धन्यांचा मसालेदार वास तिथे नाही. कच्च्या धन्यांचा लिंबाकडे झुकणारा गंध आहे. भडंग किंवा कोथिंबीर वडीबरोबर ही बिअर इतकी जुळते की आमच्या घरी पाहुण्यांना आता मी हीच आधी देते.

युनिब्रूचीच ला फँ द्यू मोंद 9 टक्क्यांची आहे आणि ताजेपणाचा माझा नियम तिच्यापुरता बदलावा लागतो. बाटलीत जिवंत यीस्टचा गाळ असतो. तो आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि मद्यार्कही जास्त असल्याने ही बिअर अंधारात, थंडाव्यात वर्षानुवर्षे टिकते. मी जुनी आणि नवी बाटली शेजारी ठेवून पाहिली. नवीत पिअरसारखी फळांची चव आणि तीक्ष्ण बुडबुडे आहेत, तर जुनीत मधाचा गोडवा येऊन मसाला मागे सरला आहे. मला नवी अधिक भावली. गाळ ढवळून ओतला की चव भरीव होते, म्हणून शेवटचा घोटभर भाग आधी वेगळा चाखावा आणि मगच मिसळावा. तापमान 10 ते 12 अंशांच्या आसपास हवे; लागरसारखी गार केल्यास अर्धी चव मुकी होते.

माँट्रियलच्या सेंट अँब्रॉइजची ओटमील स्टाउट आणि द्यू द्यू सिएलची पेशे मॉर्तेल या दोन्ही काळ्या बिअर उत्तम आहेत. 9.5 टक्क्यांची, कॉफी घातलेली पेशे मॉर्तेल एकट्याने पूर्ण बाटली पिण्यासारखी नाही. ती तिघांत वाटावी.

कॅनडाची म्हणून एखादी चव शोधायची असेल तर ती माल्टमध्ये शोधावी, असे माझे मत बनत चालले आहे. सस्कॅचेवान आणि अल्बर्टाच्या प्रेअरीवर पिकणारे माल्टचे सातू जगभर जातात, आणि कॅलगरीच्या बिग रॉकची ट्रॅडिशनल एल पिताना तोच खमंगपणा पुढे येतो. पुढच्या टप्प्यात माल्टवर भर असलेल्या तांबूस एल एकत्र घेणार आहे. शिवाय ला फँ द्यू मोंदच्या एकाच तारखेच्या बाटल्या काही फ्रिजमध्ये आणि काही बेसमेंटमध्ये ठेवल्या आहेत. त्यांची तुलना पुढच्या हिवाळ्यात लिहीन. अटलांटिक प्रांतांत किंवा मॅनिटोबात राहणाऱ्यांनी आपल्या नोंदी कळवताना बिअरच्या नावासोबत छापील तारीख, बाटली की कॅन आणि पितानाचे तापमान एवढे अवश्य लिहावे, म्हणजे त्या माझ्या नोंदींशेजारी मांडता येतील.