चाळीस पट झूम आणि जुना डी ९०: सिरपूरच्या पाळीवरील पाच महिन्यांच्या नोंदी

नोव्हेंबर

भाच्याने नवा मोबाइल घेतला आणि त्याच्याकडचा कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस माझ्याकडे आला. "आत्या, आता तुझा तो रणगाडा माळ्यावर टाक," हा शेराही त्याच्याबरोबरच आला. रणगाडा म्हणजे माझा निकॉन डी ९०, २००८ साली बाजारात आलेला आणि व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर म्हणून त्या वेळी गाजलेला. ७०-३०० मिलिमीटरची व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) लेन्स लावली की बॅटरीसकट त्याचे वजन जवळजवळ दीड किलो होते, तर भाच्याचा कॅमेरा २९९ ग्रॅमचा असून स्वेटरच्या खिशात मावतो. जुना कॅमेरा विकायचा की ठेवायचा असा प्रश्न नव्हता, कारण १२ मेगापिक्सेलच्या डी ९० ला आता कोणी फारसे पैसे देणार नाही. रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतून स्कूटर काढताना दोहोंपैकी कोणता बरोबर घ्यायचा, एवढेच ठरवायचे होते.

कागदावर पाहिले तर निकाल लागलेलाच होता. एसएक्स ७४० चा झूम जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेत २४ ते ९६० मिलिमीटर, आणि डी ९० चा सेन्सर लहान असल्यामुळे ३०० ची लेन्स त्यावर ४५० सारखी वागते, म्हणजे निम्मीसुद्धा नाही. हा हिशोब मनात पक्का धरूनच मी पहिल्या रविवारी केवळ छोटा कॅमेरा घेऊन सिरपूर तलावावर गेले.

धार रोडवरच्या या तलावाला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यामुळे आता पाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांइतकेच कॅमेरेवालेही दिसतात. सव्वासात वाजले होते, पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि साधारण चाळीस मीटरवर हळदी-कुंकू बदकांची एक जोडी चरत होती. या बदकाच्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तांबडा ठिपका, म्हणून हे नाव. त्याहून नेमके नाव मला दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याचे आठवत नाही. पूर्ण झूमवर बदक चौकटभर आले, ठिपके स्पष्ट दिसले आणि मी मनातल्या मनात डी ९० ला माळ्यावर चढवले.

घरी संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा हळद होती, कुंकू होते, पण पिसे नव्हती. छातीवरची खवल्यांसारखी नक्षी पाण्यात बोट फिरवून पुसलेल्या रांगोळीसारखी झाली होती. कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० वर नेली होती आणि त्यातला खरखरीतपणा काढताना पिसेही काढून टाकली होती. या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल मिळत नाही, म्हणून त्याने एकदा पुसलेले परत आणण्याचा मार्ग नाही. पुढच्या रविवारी त्याच वेळेला डी ९० नेला. बदक चौकटीत अगदी लहान आले आणि कापून घेतल्यावर जेमतेम अंगठ्याएवढे उरले, परंतु आयएसओ ८०० वरही त्या अंगठ्याएवढ्या बदकाची प्रत्येक पिसाची किनार वेगळी दिसत होती.

डिसेंबर

पहिल्या दोन फेऱ्यांत पक्षी, प्रकाश आणि माझा हात या तिन्ही गोष्टी बदललेल्या असल्यामुळे त्यांवरून काही ठरवणे योग्य नव्हते. म्हणून गच्चीवर तिपाई लावून गल्लीच्या टोकाच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. टाकीवर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर आहे आणि टाकी उडून जात नाही. दोन्ही कॅमेरे दोन सेकंदांच्या टायमरवर, दोन्ही त्यांच्या सर्वांत कमी आयएसओवर, वेळ सकाळी अकराची.

येथे छोट्या कॅमेऱ्याने बाजी मारली आणि मी ते मोकळेपणाने लिहून ठेवते. डी ९० मध्ये ज्या ओळीवर केवळ करड्या रेघा दिसत होत्या, ती ओळ एसएक्स ७४० मध्ये वाचता येत होती. मात्र ४५० आणि ९६० या आकड्यांत दुपटीहून अधिक अंतर असताना वाचण्यातला फरक तेवढा मोठा का नव्हता, हे मला खटकत राहिले, आणि एका संध्याकाळी वही घेऊन बसल्यावर त्याचे कारण हाती लागले.

लेन्सचे खरे फोकल अंतर तिच्या एफ आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या भोकाचा व्यास मिळतो. एसएक्स ७४० चे '९६०' प्रत्यक्षात १७२ मिलिमीटर आहेत आणि त्या टोकाला एफ आकडा ६.९ आहे, म्हणजे भोक सुमारे २५ मिलिमीटरचे, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे. माझ्या लेन्सचे ३०० भागिले ५.६ म्हणजे सुमारे ५३ मिलिमीटर, एखाद्या छोट्या वाटीच्या तोंडाएवढे. क्षेत्रफळात हे साडेचार पटींचे अंतर आहे. एकाच बदकाकडून एकाच क्षणी डी ९० ला साडेचार पट प्रकाश मिळत असेल, तर धुक्यात पिसे कोणाकडे टिकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी बाजू तपशिलाची. २५ मिलिमीटरच्या भोकातून हिरव्या प्रकाशात साडेपाच विकला, म्हणजे कोनाच्या साडेपाच सेकंदांहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसूच शकत नाहीत, कारण प्रकाश कडेवरून वळून पसरतो आणि काच कितीही उत्तम घासली तरी हा नियम सुटत नाही. त्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जेमतेम दीड विकला व्यापतो, म्हणजे एकाच ठिपक्याची वाटणी अनेक पिक्सेल करून घेतात. डी ९० चे दुखणे नेमके उलटे आहे. त्याची काच अडीच-तीन विकलांपर्यंत पाहू शकते, पण त्याचे पिक्सेल मोठे असून एकेक जवळपास पावणेचार विकलांचा आहे, आणि दोन बिंदू वेगळे दाखवायला निदान दोन पिक्सेल लागतात, तेव्हा मर्यादा साडेसात विकलांच्या आसपास येते. म्हणजे भरपूर उन्हात, स्थिर वस्तूवर, छोट्या कॅमेऱ्याची खरी आघाडी दीडपटीच्या आतलीच आहे. ज्यांच्याकडे असा खिशातला सुपरझूम आहे त्यांनी पूर्ण झूमवरचे एखादे चित्र निम्म्या रुंदीवर आणून पाहावे. मी दहा-बारा चित्रांवर हे केले आणि गमावलेले काहीच सापडले नाही, फाइली मात्र हलक्या झाल्या.

एक सूचना याच महिन्यातली. दुपारी दोननंतर गच्च्या तापल्यावर टाकीवरची अक्षरे पाण्याखाली असल्यासारखी हलू लागतात आणि मग दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे सारखीच वाईट येतात. झूम वाढवला की हवेचे ते हलणेच मोठे होते. त्यामुळे लांबच्या चित्राची तुलना दुपारी करू नये, आणि कोणी केलेली असल्यास तिच्यावर विश्वास ठेवू नये.

जानेवारी

पौषातल्या शुक्ल अष्टमीचा चंद्र. पौर्णिमेचा चंद्र छायाचित्रात सपाट भाकरीसारखा दिसतो, अर्ध्या चंद्रावर मात्र सावलीच्या कडेला विवरे उठून येतात. डी ९० मध्ये चंद्राचा व्यास सुमारे ४९० पिक्सेल भरतो, एसएक्स ७४० मध्ये १३०० च्या आसपास, आणि वर सांगितल्याप्रमाणे निम्मे केले तरी साडेसहाशे उरतात. टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही एकाखाली एक बसलेली तीन विवरे दोन्हींत दिसली, पण छोट्या कॅमेऱ्यात त्यांच्या कडांची जाडी कळत होती. चंद्र उन्हातलाच दगड असल्यामुळे प्रकाशाची टंचाई नव्हती आणि आयएसओ १०० वर काम भागले. चंद्राचे खाते मी छोट्या कॅमेऱ्याच्या नावावर केले आहे.

याच महिन्यात सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईसमोर उभे राहून दोन्ही कॅमेरे वापरले. तेथे फार लिहिण्यासारखे नाही. डी ९० वर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची जुनी डी मालिकेतली लेन्स लावली होती. तिला स्वतःची मोटर नसते, ती डी ९० च्या देहात असल्यामुळेच ऑटोफोकस चालतो. एफ/२, आयएसओ १६००, सेकंदाचा १२५ वा भाग या मापांवर झाऱ्यातून निथळणारे तेल थेंबाथेंबांनी गोठले. एसएक्स ७४० रुंद टोकालाही एफ/३.३ च्या खाली जात नाही, तेव्हा त्याच शटरसाठी आयएसओ ४००० च्या पुढे लागला असता आणि त्याची धाव ३२०० पर्यंतच आहे. गराडू मात्र उत्तम होते.

फेब्रुवारी

हातोदच्या बाजूला यशवंत सागरावर सारसाची जोडी पाहण्याच्या आशेने गेले आणि जोडी मिळाली. सकाळचे आठ वाजले होते, स्वच्छ ऊन आणि दीडशे मीटरवर ओल्या शेतात पुरुषभर उंचीचे दोन पक्षी. डी ९० ने शेत, बांध आणि त्यात दोन सारस असे सुंदर चित्र दिले, आणि एसएक्स ७४० ने मानेवरच्या लाल कातडीचा खरबरीत पोत दिला. सारसाच्या जवळ जाण्याचा मोह आवरण्यासाठी एवढा झूम हाताशी असणे मला फार मोलाचे वाटते. जोडी चरत राहिली आणि मी बांध ओलांडला नाही.

त्याच दिवशी कवड्या खंड्याने मात्र छोट्या कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. हा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. एसएक्स ७४० ला डोळा लावायची खिडकी नाही, त्यामुळे हात पुढे धरून, उन्हात उजळलेल्या पडद्यावर, ९६० च्या अरुंद चौकटीत पक्षी शोधावा लागतो. झूम क्षणभर मागे घेऊन पुन्हा पुढे नेणारे बटण उपयोगी आहे, पण ते दाबून सोडेपर्यंत खंड्या मासा घेऊन फांदीवर बसलेला असतो. शिवाय अशा कॅमेऱ्यांचा फोकस लेन्स मागेपुढे करून प्रतिमा सर्वांत स्पष्ट कोठे होते ते शोधतो. डी ९० मध्ये त्यासाठी वेगळा संवेदक आहे आणि त्याचे अकरा बिंदू आज कितीही तुटपुंजे वाटले तरी मधला बिंदू पक्ष्यावर बसला की तो सुटत नाही. सेकंदाला साडेचार चित्रे हा वेगही आज हसण्यासारखा आहे. तरीही पाण्यात शिरतानाचे, चोच खाली आणि पंख मागे मिटलेले एक चित्र त्यानेच दिले.

आता माझा एक गाढवपणा. बांधावर वारा असताना मी डी ९० ची लेन्स बदलली, तीही देह वर तोंड करून धरून. संध्याकाळच्या आकाशाच्या चित्रात एफ/१६ वर सात काळे डाग मोजले. पाच रबरी पंपाने गेले, दोन अजून आहेत, आणि ओल्या पट्टीने सेन्सर पुसण्याचे धैर्य अद्याप झालेले नाही. त्यातच ओळखीच्या दुकानातून घेतलेली स्वस्त नकली बॅटरी फुगून कप्प्यात अडकली आणि चिमट्याने काढताना जीव मुठीत धरावा लागला. जुन्या कॅमेऱ्याचा खर्च त्याच्या किमतीत नसून अशा उठाठेवींत आहे. छोट्याचे असे लाड नाहीत. दोनअडीचशे चित्रांनंतर बॅटरी उतरते, ती चार्जिंगला लावली की झाले.

मार्च

सध्याची व्यवस्था अशी. डी ९० आणि ७०-३०० खांद्यावर, एसएक्स ७४० खिशात, आणि झोळीत पावशेर तांदळाची एक पुरचुंडी, जी पाळीच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर छोटा कॅमेरा टेकवला की ९६० वरही चौकट हलत नाही. पूर्वेकडच्या बाभळींच्या शेंड्यावर सूर्य येईपर्यंत केवळ डी ९०. त्यानंतर साधारण साडेदहापर्यंत, हवा हलू लागण्याआधी, स्थिर बसलेल्या दूरच्या पक्ष्यांसाठी एसएक्स ७४०, तोही आयएसओ ४०० च्या वर न जाऊ देता आणि बगळ्यांसाठी एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खाली ठेवून, कारण जेपेगमध्ये जळालेला पांढरा रंग परत मिळत नाही. डी ९० च्या रॉ फाइलमध्ये तो बऱ्याच वेळा मिळतो. चार वर्षांपूर्वीच्या काही रॉ फाइली आताच्या नव्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढून पाहिल्या, तेव्हा आयएसओ १६०० चा खरखरीतपणा इतका निवळला की तो कॅमेरा तेव्हा जेवढा चांगला होता त्याहून आज चांगला झाला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कालच भाच्याचा फोन आला. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक पाहायला जायचे आहे, कॅमेरा चार दिवसांसाठी परत हवा, असे तो म्हणत होता. झूम करताना नळी बाहेर येते तेव्हा हवा आत ओढते आणि त्या दिवशीच्या हवेत अर्धा गुलाल असतो, हे मी त्याला सविस्तर समजावून सांगितले. मग "आत्या, निदान रणगाडा तरी दे" म्हणाला. त्याला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायला सांगितले आहे.