अर्धा गुंठा, तिसरं वर्ष: पिवळा भुईमूग, बोद आणि पाचोळा

मंडळी, मागची नोंद आषाढात लिहिली होती, आता मार्गशीर्ष लागलाय. मधल्या काळात बागेत बरंच काही घडलं, पण सगळं सांगत बसत नाही. भुईमूग, कांदा आणि त्यांच्या खालची माती एवढ्यावरच लिहिते. या वर्षी मला जे उमगलं ते यातूनच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमच्या घराला लागून अर्धा गुंठा जागा आहे, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट. मूळची जमीन काळी, भारी. घर बांधताना पायातून निघालेला मुरूम तिच्यावर पसरला गेला, वरून महिनोन्महिने वाळूचे ट्रॅक्टर फिरले, सिमेंटचा राडारोडा मिसळला. पहिल्या वर्षी कुदळ मारली की टण्ण आवाज यायचा. तेव्हाच माती परीक्षण करून घेतलं होतं. सामू (म्हणजे पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.३८ टक्के, जस्त ०.४ पीपीएम (दहा लाखांत भाग), लोह ३.९ पीपीएम. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत असला की कमी समजतात. जस्त किमान ०.६ आणि लोह ४.५ पीपीएम तरी हवं असतं. चारही आकडे नको त्या बाजूला होते.

आता भुईमूग. जूनमध्ये चार बाय दहा फुटांच्या दोन वाफ्यांत टोकण केली. उगवण छान झाली. जुलैत संततधार लागली आणि पंधरा दिवसांत शेंड्याकडची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पुढे पुढे तर कागदासारखा पांढरट. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. हा फरक नीट बघायला हवा. नत्र कमी पडलं तर आधी खालची पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही, म्हणून त्याची चणचण नव्या पानांवर दिसते.

मी लगेच हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) आणला आणि मुळांजवळ मातीत टाकला. काहीही फरक पडला नाही. आठवड्यानं ती जागा उकरली तर तांबूस डाग दिसले. आमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत हिराकस नुसता टाकला तर त्याचा गंज होतो आणि तो मुळांच्या कामाचा राहत नाही. मग अर्धा टक्का द्रावणाची फवारणी केली. पानं हिरवी झाली, पण त्यानंतर आलेली पालवी पुन्हा पिवळीच.

त्याच सुमारास आप्पा शेणखताची ट्रॉली घेऊन आले. त्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. त्यांनी पानांकडे ओझरतं पाहिलं आणि सरळ वाफ्यात अंगठा खुपसला.

“ताई, पाणी कुठं जातं तुमचं?”

“जातच नाही हो आप्पा. पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस चिखल असतो.”

“मग झाड खाईल कसं? मुळांना वारा नको का? बोद घ्या. वाफसा आला की पानं आपोआप सुधारतील.”

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेतात असणं. द्राक्षवाल्यांना बोद सांगायला नको. वेलींच्या ओळीखाली माती चढवून केलेला उंच गादीवाफा म्हणजे बोद. भारी जमिनीत पाणी बाजूच्या सरीत उतरतं आणि मुळांपाशी हवा खेळते. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, पण माझ्या पिवळ्या पानांशी त्याचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. नंतर वाचून कारण कळलं. मुळं आणि जिवाणू श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. जमीन पाण्यानं भरलेली असली की तो बाहेर पडू शकत नाही, पाण्यात विरघळतो, चुन्याला विरघळवतो आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. बायकार्बोनेट वाढलं की मुळांना लोह घेता येत नाही. आपली माती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झालेली, त्या दगडात लोह भरपूर. म्हणजे झाड लोहाच्या ढिगावर उभं राहून उपाशी होतं!

उभ्या पिकात बोद करणं शक्य नव्हतं. एका वाफ्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर खोल चर खणले आणि पाण्याला उताराकडे वाट करून दिली. दुसरा वाफा तुलनेसाठी तसाच ठेवला. चर मारलेल्या वाफ्यात बारा दिवसांनी हिरवी पालवी आली, फवारणीशिवाय. दुसरा वाफा ऑगस्टच्या उघडिपीनंतर सावरला, पण तोवर फुलोऱ्याचे दिवस निघून गेले होते. वाळलेल्या शेंगा पहिल्यात १ किलो १०० ग्रॅम, दुसऱ्यात ६५० ग्रॅम. वाफे दोनच, त्यामुळे यावरून नियम काढत नाही. पण ज्यांची जमीन चुनखडीची आहे त्यांनी पानं पिवळी दिसल्यावर दुकानात जाण्याआधी वाफ्यात बोट घालून बघावं, एवढं मी आता ठामपणे सांगेन. चुनखड ओळखायची असेल तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं की समजा. आमच्याकडे अजूनही फसफसतं.

पाणी न मुरण्याचं मूळ मात्र दबलेल्या थरात होतं, आणि त्यावर चर पुरणार नव्हते. त्यासाठी कर्ब हवा, कर्बासाठी पाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या भागात रस्त्यारस्त्यावर पाचोळ्याचे ढीग लागतात आणि त्यातले कितीतरी पेटवले जातात. ते बघून जीव तुटतो. या वर्षी चाळीस पोती गोळा केली. पाचोळा, शेण, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडी जुनी माती, असे थर देऊन दोन ढीग रचले. दर पंधरा दिवसांनी उलथवले. ही पद्धत मुळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवली, म्हणून तिला इंदूर पद्धत म्हणतात. माळव्याची माती आपल्यासारखीच काळी, याच दख्खनच्या पाषाणातली, त्यामुळे ती इथेही लागू पडते.

एक चूक सांगून ठेवते, म्हणजे तुमचा हंगाम जाणार नाही. गेल्या उन्हाळ्यात सुतारकामाचा भुसा फुकट मिळाला म्हणून पालकाच्या वाफ्यात मातीत मिसळला. पालक बोटभर वाढला आणि थांबला, खालची पानं पिवळी. भुशात कर्ब प्रचंड आणि नत्र नगण्य. त्याला कुजवणारे जिवाणू आपली नत्राची गरज आजूबाजूच्या मातीतून भागवतात आणि पिकाला काही उरत नाही. भुसा वर आच्छादन म्हणून चालतो. आत मिसळायचा असेल तर शेणाबरोबर आधी पुरता कुजवून घ्यावा.

पाच डिसेंबरला, जागतिक मृदा दिनाला, मी दरवर्षी दोन घरगुती चाचण्या करते. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन गांडुळं मोजायची. पहिल्या वर्षी एकही नव्हतं, दुसऱ्या वर्षी तीन, यंदा अकरा. दुसरी चाचणी ढेकळाची. एक सुकं ढेकूळ अंगणाच्या उघड्या कोपऱ्यातलं, एक पाचोळ्याखालचं. दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडली. उघड्या जागेचं ढेकूळ मिनिटभरात फसकन बसलं आणि पाणी चहासारखं गढूळ झालं. पाचोळ्याखालच्या ढेकळातून नुसते बुडबुडे येत राहिले. सकाळी पाहिलं तर कडा थोड्या झिजलेल्या, पण ढेकूळ उभं आणि पाणी नितळ. हाताला त्यात पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लागले. बुरशीचे ते धागे आणि मुळांभोवतीचा चिकट स्राव मातीचे कण बांधून ठेवतात. अशा मातीत पाऊस मुरतो. नाहीतर वरचा थर लिंपल्यासारखा बसतो.

याच बुरशीमुळे सध्या माझं लक्ष कांद्यावर आहे. मायकोरायझा ही बुरशी मुळांशी जोडून घेते आणि मुळांना न पोहोचता येणाऱ्या जागेतून स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त आणून देते. कांद्याची मुळं विरळ, त्यांना केसमुळं जवळजवळ नसतात, म्हणून त्याला या बुरशीची गरज फार. कोबी, मुळा, मोहरी, पालक ही पिकं मात्र तिला थारा देत नाहीत. ऑक्टोबरात रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा दोन वाफ्यांत लावलाय. एकात आधी चवळी होती, दुसऱ्यात मुळा-पालक. रोपं एकच, पाणी सारखं. आज चवळीच्या वाफ्यातली पात जाड आणि निळसर हिरवी दिसते, दुसऱ्यातली बारीक. चवळीनं नत्रही दिलं असणार, त्यामुळे श्रेय कोणाचं हे या प्रयोगातून सुटं करता येणार नाही. चवळी उपटताना मुळावरच्या गाठी नखानं फोडून पाहिल्या होत्या. आतून गुलाबी, रक्ताच्या थेंबासारख्या. गुलाबी गाठ म्हणजे आत नत्र बांधण्याचं काम चालू आहे.

जस्ताबद्दल मात्र मी सेंद्रियच हवं असा हट्ट धरला नाही. मातीत जस्त कमी असेल तर पिकात आणि ताटातही कमीच येतं. आपल्याकडे येवला-मालेगावच्या बाजूला बाजरी होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागानं आलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण लोहासाठी नावाजलेला आहे. पण बियाणं कितीही गुणी असलं तरी ते मातीतूनच उचलणार ना? हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेटची शिफारस असते. त्या हिशेबानं अर्ध्या गुंठ्याला सव्वाशे ग्रॅम, ते शेणखतात मुरवून दिलं. दोन-तीन वर्षांत पुन्हा द्यायची गरज नाही. स्फुरदाची खतं मात्र जपून वापरा. स्फुरद जास्त झालं की पिकाला जस्त मिळणं आणखी अवघड होतं.

मे महिन्यातला अहवाल असा: सामू ८.१, कर्ब ०.६१, जस्त ०.९, लोह ४.८. नमुना पूर्वीसारखाच घेतला होता, आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची जागा टाळून. सामू फारसा हलला नाही, आणि त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही असं माझं मत झालंय. जमिनीत जोवर चुना आहे तोवर तो तिथेच राहणार. वाफसा टिकवणं मात्र माझ्या हातात आहे. आता सगळे वाफे बोदावर घेतलेत आणि वर चार बोटं पाचोळा आहे.

परवा जुन्या सुती धोतराचे वीतभर चौकोन फाडून चार ठिकाणी चार इंच खोल पुरले. बोदावर, चवळीच्या वाफ्यात, मुळ्याच्या वाफ्यात आणि अंगणाच्या उघड्या कोपऱ्यात. माती जितकी जिवंत तितकं कापड लवकर खाल्लं जातं. प्रत्येक ठिकाणी खुणेची काडी रोवलीये. संक्रांतीला उकरणार आहे. कोणी सोबत पुरणार असेल तर शंभर टक्के सुती कापडच घ्या, शिवणीचा धागा काढून टाका आणि पुरल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे आपल्याला एकमेकांची कापडं शेजारी ठेवून बघता येतील.