गंजलेला गिअरबॉक्स: काय ठेवलं, काय फेकलं

ट्रक स्वस्तात मिळाला त्याला कारण होतं. 2004 ची शेवरोले सिल्व्हराडो, 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन, फ्रेम डेट्रॉइटच्या मानाने धडधाकट. पण गिअरबॉक्स गाडीखाली नव्हता. आधीच्या मालकाने तो कधीतरी उतरवला, मग त्याची नोकरी बदलली, घर बदललं, आणि गिअरबॉक्स एका उघड्या शेडमध्ये लाकडी पॅलेटवर पडून राहिला. कूलर लाइनची (तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या नळ्यांची) दोन्ही भोकं उघडी, डिपस्टिकच्या नळीचं भोक उघडं, टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा, शेजारी भिंतीला टेकवलेला. मिशिगनचे हिवाळे त्याने तसेच काढले. विकणारा म्हणाला, "केसला काहीही झालेलं नाही." ते खरंच होतं. केस अ‍ॅल्युमिनियमची, तिला गंज कुठून चढणार?

गिअरबॉक्स म्हणजे फोर-एल-सिक्स्टी-ई. जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक. याचा मूळपुरुष 1982 चा सेव्हन-हंड्रेड-आर-फोर. नव्वदच्या दशकात त्याला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसले तो हा. इतका खपला की त्याचा एकेक सुटा भाग आजही सहज मिळतो आणि परवडतो. आमच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांचा सल्ला होता की याला हातच लावू नकोस, सरळ रीबिल्ट (दुसऱ्या कुणी उघडून नवे भाग घालून दिलेला) आणून चढव. हिशेबाने ते बरोबरच होतं. पण मी दिवसभर ऑफिसात स्क्रीनवर सुटे भाग गोल गोल फिरवून बघणारा माणूस. एकदा हे सगळं हातात धरून बघायची हौस होती, आणि हौसेला मोल नसतं.

इथे गंज म्हटलं की सगळे मिठाकडे बोट दाखवतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरलेलं असतं. माझ्या ट्रकच्या पोलादी कूलर लाइन त्याच मिठाने खाल्लेल्या होत्या. बोटाने दाबलं तर पापुद्रे गळत होते. पण गिअरबॉक्सच्या आतल्या गंजाशी मिठाचा संबंध नव्हता. तेल काढून ठेवलं की उभ्या पृष्ठभागावरचा तेलाचा थर हळूहळू ओघळून जातो. मग रात्री धातू गार पडतो, दिवसा दमट हवा आत शिरते आणि त्याच्यावर दव धरतं. त्यात पावसाची झड भोकांतून आत. ते पाणी तळाला साचतं आणि तिथेच मुक्काम करतं.

ऑइल पॅन उघडला तेव्हा हे लख्ख दिसलं. कोल्हापुरात पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तशी रेघ आतल्या प्रत्येक ड्रमवर आणि प्लेटवर होती. रेघेच्या वर चकचकीत, खाली नारिंगी. पॅनच्या चुंबकावर तर गंजाचा चिखलच साचला होता.

उघडताना मी प्रत्येक थराचे फोटो काढले. व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातल्या) छोट्या गोळ्या कुठल्या खाचेतून निघाल्या याचे तर जास्तच. सगळे भाग मिनरल स्पिरिटमध्ये धुतले (गावाकडे रॉकेलने धुतात तेच काम) आणि टेबलावर ओळीने मांडले. खरा प्रश्न तिथून सुरू झाला: यातलं काय वाचवायचं?

माझ्या मामांचा कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचा कारखाना होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी आयुष्यात उघडलेला नाही, पण बुश, बेअरिंग आणि शाफ्ट यांत त्यांची हयात गेली. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना एकेक भाग कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायला लागलो. दोन भाग बघून ते वैतागले. "कॅमेऱ्यात काय दिसतंय रे? आधी पुसून घे आणि नख फिरव. नख अडकलं तर खड्डा पडलाय, न्हाईतर नुसता रंग हाय. आणि त्या जागेवर काय चालतंय ते सांग मला. सील चालतंय, का बेअरिंग, का काहीच न्हाई?"

त्यांच्या या दोन प्रश्नांनी टेबलावरच्या ओळीची उलथापालथ झाली. सगळ्यात भयाण दिसत होता तो पार्किंगचा खटका. केसच्या तळाशी असतो, म्हणून पाण्यात बुडालेला, वरपासून खालपर्यंत नारिंगी. पण त्याचं काम एवढंच की गाडी उभी असताना दात्यात जाऊन अडकायचं. तिथे ना तेलाचा दाब, ना सील. साफ केल्यावर त्याच्या कडा शाबूत निघाल्या आणि तो राहिला. उलट लो रोलर क्लचचे (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचचे) रोलर दुरून चांदीसारखे दिसत होते. त्यातल्या दोनावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते आणि नख तिथे अडकत होतं. भार घेणाऱ्या रोलरवर असा ठिपका म्हणजे पुढे तिथूनच टवका उडणार. पूर्ण संच बदलला. सपाट सुयांची थ्रस्ट बेअरिंगंही सगळी बदलली. सुयांच्या पिंजऱ्यात काय दडलंय ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागेवर भरवसा ठेवण्याइतकी ती महाग नाहीत.

क्लचच्या फायबर प्लेटबद्दल मात्र नखाचा न्याय लावायचा नाही. त्यांचं अस्तर कागदी जातीचं असतं, पोलादी चकतीवर चिकटवलेलं. ते पाणी पितं, गोंद सैल होतो आणि गंज अस्तराच्या खाली धरतो. रेघेच्या वरचा भाग नव्यासारखा दिसला तरी प्लेट गेलीच. बँडचंही, म्हणजे ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्याचंही, तेच. मधल्या पोलादी प्लेट घासून चालल्या असत्या, पण रीबिल्ड किटमध्ये त्या नव्या येतात. घासत कशाला बसायचं? सोलेनॉइडही (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) सगळे नवे घेतले.

पंपाने मात्र जीव मेटाकुटीला आणला. या गिअरबॉक्सचा पंप पात्यांचा असतो. मध्ये रोटर, त्याच्या खाचांत सरकणारी पाती, आणि भोवती एक जाड कडं, ज्याला स्लाइड म्हणतात. ही स्लाइड एका पिनेवर जराशी झुलते आणि जेवढी झुलेल तेवढं तेल कमी-जास्त निघतं. ती अडकली की तेलाचा दाब बिघडला. दाब कमी पडला की क्लच घसरतात आणि जळतात. माझी स्लाइड गंजाने जागच्या जागी घट्ट बसली होती. लाकडी दांड्याने ठोकूनही हलेना. तेलात भिजवून ठेवली तेव्हा कुठे सुटली, आणि सपाट बाजूवर गंजाचे चट्टे निघाले. पहिला विचार आला की काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून घ्यावी. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "जाडी किती पायजे?" तिथेच मेख होती. रोटर आणि स्लाइड वेगवेगळ्या जाडीचे मिळतात आणि पंपाच्या खोलीप्रमाणे मोजून निवडायचे असतात. फरक थाऊच्याही (इंचाच्या हजाराव्या भागाच्याही) अंशांत. चट्टे जाईपर्यंत घासलं असतं तर तेवढ्याच फटीतून दाब निसटला असता. पंप रीबिल्ट घेतला.

जे ठेवायचं होतं ते साफ कसं करायचं यावर मी बरंच वाचलं होतं. व्हिनेगरला मी टाळलं. आम्ल गंजाबरोबर चांगल्या पोलादालाही खातं, आणि कडक केलेल्या स्प्रिंगा त्याने ठिसूळ होऊ शकतात. सँडब्लास्टिंगचं तर नावच नको. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला तर सगळ्यावर पाणी. आम्ल नसलेलं, पाण्यासारखं एक द्रावण मिळतं. ते गंज तेवढा धरून विरघळवतं, खालच्या लोखंडाला हात लावत नाही. फक्त ते गारठ्यात आळशी होतं. गॅरेजमध्ये मार्चची थंडी, त्यामुळे बादली तळघरात वॉटर हीटरच्या शेजारी नेऊन ठेवली. बायकोने एकदा झाकण उघडून आत बघितलं आणि काही न बोलता पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी रिव्हर्स इनपुट ड्रम बाहेर काढला तेव्हा तो नारिंगीचा करडा-काळा झाला होता. पुसला की फडकं काळं होई. कडक पोलादावर हा काळा थर राहतोच, पुसून निघतो. खरी घाई पुढे असते. पाण्याने धुतल्यावर उघडं पोलाद बघता बघता पुन्हा तांबूस व्हायला लागतं. म्हणून एका हाताने हवेचा फवारा मारायचा आणि दुसऱ्या हाताने लगेच तेलात बुडवायचं, मध्ये फोनसुद्धा घ्यायचा नाही. त्या ड्रमच्या बाहेरच्या अंगावर बँड आवळतो. तिथे डाग राहिले होते, नख अडकत नव्हतं. बारीक पेपरने फिरत्या दिशेने पॉलिश केलं आणि ठेवला. टर्बाइन शाफ्टच्या, म्हणजेच इनपुट शाफ्टच्या, उभ्या दात्यांमध्ये गंज होता तो पितळी ब्रशने निघाला. सीलिंग रिंगा बसतात त्या खाचा सुदैवाने स्वच्छ होत्या. त्या खाल्लेल्या असत्या तर शाफ्ट भंगारात.

व्हॉल्व्ह बॉडीकडून मला काहीच भीती नव्हती, कारण तिथे लाल काही दिसत नव्हतं. पण अ‍ॅल्युमिनियमला पाणी लागलं की पांढरी भुकटी धरते. दोन व्हॉल्व्ह त्या भुकटीत चिकटून बसले होते. पोलादावरचा लाल डाग पुसता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये (व्हॉल्व्ह सरकतो त्या भोकात) पांढऱ्याने खाल्लेली जागा परत भरून येत नाही, आणि तिथून तेल गळतं. व्हॉल्व्ह आपल्या वजनाने घरंगळत खाली यायला हवा, एवढी साधी चाचणी. एक आला, दुसरा धुऊनही अर्ध्यात थांबला. मग आख्खी व्हॉल्व्ह बॉडीच बदलली.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही; मॅन्युअल हाताशी ठेवला तर ती सरळ आहे. नव्या प्लेट आधी डेक्सरॉन-सिक्स तेलात भिजवायच्या. रिंगा आणि बेअरिंगं जागेवर धरून ठेवायला ग्रीस नको, व्हॅसलीन वापरायचं, ते तेलात विरघळून जातं. इनपुट शाफ्टची लांबीतली ढिलाई डायल गेजने मोजली, ती 5 ते 36 थाऊच्या आत बसली. मग बंद करण्याआधी तेलाच्या वाटांतून हवा सोडायची. प्रत्येक क्लचचा पिस्टन "थप्" असा आवाज करून सरकतो. नुसता फुसफुस आवाज आला तर सील दुमडलंय. व्हॉल्व्ह बॉडी आणि पॅन, दोन्हींचे बोल्ट 11 न्यूटन-मीटर, त्याहून जोर लावायचा नाही.

टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो. आत हात जात नाही, नख तर दूरच. जुना देऊन रीबिल्ट घेतला. तो बसवताना घाई नको: फिरवत फिरवत आत ढकलायचा, टप्प्याटप्प्याने आत बसत जातो, आणि शेवटचा टप्पा पंपाच्या खाचांचा. तो न बसता बोल्ट आवळले तर नवा पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो. कूलर लाइन नव्या टाकल्या, निकेल-तांब्याच्या. त्यांना मीठ खात नाही. रेडिएटरही नवाच, कारण त्याच्या टाकीत लपलेला तेलाचा कूलर आतून कसा आहे ते कळायला मार्ग नव्हता.

सुरू केल्यावर रिव्हर्स लगेच पडला. पहिल्या दिवशी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका होता. कॉम्प्युटर नव्या क्लचचा अंदाज घेतो तोवर तो असतोच, पुढे कमी होत गेला. आठवडाभर चालवून पॅन पुन्हा उतरवला. चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप होता, नव्या प्लेट रुळताना निघतो तो. नारिंगी काही नव्हतं आणि तेल पारदर्शक लाल.

खर्चाचं म्हणाल तर रीबिल्ट गिअरबॉक्सच्या जवळपास पोहोचलो. पंप आणि व्हॉल्व्ह बॉडी वाचली असती तर चित्र वेगळं होतं. तुमच्याकडे असा उतरवलेला गिअरबॉक्स पडून असेल, तर त्यातलं तेल काढू नका, कन्व्हर्टर बाहेर काढून वेगळा ठेवू नका, आणि तिन्ही भोकांना आजच रबरी बुचं मारा.