उन्हात पडलेला २२ मिलिमीटर पाऊस

मुळशीतल्या एका घराच्या गच्चीवर छोटं हवामानकेंद्र आहे. त्याची जुलैमधली नोंद दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली. रात्रभर धो-धो पाऊस होऊनही केंद्राने २४ तासांत ५६.२ मिमीच दाखवला होता आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असताना २२ मिमी. शेजारच्या शेतावर सायमन्स पद्धतीचा साधा पर्जन्यमापक आहे, तो रोज सकाळी साडेआठला मोजतात. तिथे पहिल्या दिवशी १२९.४ आणि दुसऱ्या दिवशी शून्य.

अशा वेळी आधी घड्याळ बघायचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३०ला संपतो, घरगुती केंद्राचा मध्यरात्री. नुसत्या या फरकाने दोन आकड्यांत मोठी तफावत पडू शकते. इथे मात्र पाच-पाच मिनिटांच्या नोंदी साडेआठ ते साडेआठ अशाच जोडल्या होत्या. म्हणजे दोष मापकात होता.

आलेख उघडल्यावर तो लगेच दिसला. घाटमाथ्याजवळचा पाऊस सरींचा असतो, रेघ सतत वरखाली होते. रात्री ११:२०पासून ती सपाट होती: तीन मिनिटांना एक टिप (नरसाळ्याखालची छोटी बादली ०.२ मिमी पावसाचं पाणी भरलं की उलटते, ती एक टिप), तासाला ४ मिमी, पहाटेपर्यंत तशीच. असा एकसुरी पाऊस पडत नाही. नरसाळं तुंबलं की भोकातून जेवढं झिरपेल तेवढंच खालच्या बादलीत पडतं आणि वर साचलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास टिपा देत राहतं.

आता खरा प्रश्न. नरसाळं नुसतं तुंबलं असेल तर एकूण बेरीज बरोबर असते, फक्त वेळा चुकतात. काठावरून पाणी वाहिलं असेल तर बेरीजही गेली. हे ठरवण्यासाठी भोकाला बोट लावून नरसाळं काठोकाठ भरलं आणि पाणी मोजलं: ६४० मिलि. मापकाच्या तोंडाचा व्यास १६ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ २०१ चौसेंमी, १ मिमी पावसाला २०.१ मिलि पाणी आणि ०.२ मिमीच्या एका टिपेला साधारण ४ मिलि. घरच्यांच्या सांगण्यानुसार पाऊस सव्वासहाला थांबला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत, हळूहळू मंदावत, १५४ टिपा पडल्या होत्या: सव्वासहाशे मिलिच्या आसपास. म्हणजे पाऊस थांबला तेव्हा नरसाळं काठापर्यंत भरलेलं होतं. बाकीचं पाणी बाहेर गेलं होतं आणि कुठल्याही गुणकाने ते परत आणता येणार नव्हतं.

जाळी काढल्यावर भोकाशी गुलमोहराच्या बारीक पर्णिकांचा लगदा आणि कुंभारीण माशीच्या घरट्याची माती निघाली. साफ करण्याआधी सेन्सरची वायर काढून ठेवावी, नाहीतर हात लागून पडलेल्या टिपाही पाऊस म्हणून नोंदल्या जातात. मग तपासणी: ४०२ मिलि पाणी थेंब-थेंब, पाऊण तासात सोडलं. १०० टिपा अपेक्षित होत्या, ९८ पडल्या. दोन टक्के फरकासाठी मी बादलीचं माप जुळवणाऱ्या स्क्रूला हात लावत नाही. घाईने ओतलं तर बादली उलटतानाचं पाणी मोजलं जात नाही, टिपा कमी पडतात आणि लोक चांगला मापक पिळून बिघडवतात.

दुरुस्ती वीवेक्सच्या, म्हणजे केंद्राच्या नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, डेटाबेसमध्ये करायची होती. आधी फाइलची प्रत. मग एकक बघणं, कारण वीवेक्स मुळात पाऊस इंचांत साठवतं. मिमीचा आकडा तसाच टाकला की २५ पट पाऊस होतो. दुरुस्तीची सीमा मी ११:२०ला नाही, १०:४०ला धरली. रेघ सपाट होण्याआधी नरसाळं भरत असतं, त्या वेळचे आकडेही खोटेच. १०:४०पर्यंतचे १७.४ मिमी जसेच्या तसे ठेवले. तिथून सकाळी ८:३०पर्यंत पावसाचे आणि तीव्रतेचे रकाने रिकामे केले. शून्य टाकायचं नाही. शून्य म्हणजे पाऊस नव्हता आणि इथे तर तो कोसळत होता. ८:३०नंतर मात्र शून्यच, कारण सायमन्स मापकाची तशी साक्ष आहे.

उरले ११२ मिमी. ते ८:३०च्या एकाच नोंदीत ४.४०९ इंच म्हणून भरले, तीव्रता रिकामी ठेवली आणि मूळ आकडे, कारण, आधार वेगळ्या टिपणात लिहिले. महिन्याची बेरीज यामुळे जुळते. आसपासच्या केंद्राच्या आलेखावरून ते तासातासांत वाटून देता आले असते, मालकांची तशी इच्छाही होती. मी नाही म्हणालो. मुळशीत एका डोंगराच्या दोन बाजूंना वेगळा पाऊस असतो. तसे तास भरले तर पुढे कुणीतरी तेच खरे मानून ओढ्याच्या पुराचं गणित मांडेल. शेवटी दिवसाच्या बेरजा सॉफ्टवेअरकडून नव्याने बांधून घेतल्या. हे राहिलं तर तक्ता जुनेच आकडे दाखवत राहतो.

गुलमोहराची फांदी मापकावरच येते. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, म्हणून मापक आता अंगणाच्या मोकळ्या टोकाला जाणार आहे. तोवर दर आठवड्याला जाळी काढून बघायची आणि साफसफाईची वेळ टिपणात लिहायची, एवढं ठरलं आहे.