तुम्ही विचारलंत म्हणून : टर्मिनलवरच्या कमांडचे एवढे ऑप्शन लक्षात कसे राहतात?

राहत नाहीत. खरं उत्तर एवढंच, पण त्यानं कुणाचंच समाधान होत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना वाटतं, ताई काहीतरी लपवतायत. सोसायटीचे सेक्रेटरी काळ्या स्क्रीनकडे बघत "तुमचं डोकं म्हणजे वो..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडतात. आणि भाचा म्हणतो, "मावशी, सॉर्टचे सगळे ऑप्शन एकदा म्हणून दाखव की." म्हणून आज जरा सविस्तर.

माझं काम याद्या साफ करण्याचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्था, दूध सोसायट्या, वाचनालयं यांच्या सभासदांच्या याद्या माझ्याकडे येतात. आमच्या भागातल्या यादीत एकाच ओळीत तीन लिप्या नांदतात. नाव मराठीत, पत्ता कुठल्यातरी सरकारी कागदावरून उतरवलेला म्हणून कन्नडात, बँकेचा तपशील इंग्रजीत. हे सगळं एक्सेलमध्ये उघडून डोळ्यांनी तपासायला बसलं तर दिवस मावळतो आणि चूक राहायची ती राहतेच. म्हणून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून काम करायची ती काळी स्क्रीन. (कमांड इथे बोलताना म्हणतो तशा लिहिते. कीबोर्डवर त्या छोट्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडतो, हे मात्र विसरू नका.)

ऑप्शन पाठ करायला बसणारा माणूस फसतो कुठे, ते आधी सांगते. ऑप्शन म्हणजे कमांडपुढे डॅश देऊन लिहायचं अक्षर, काम कसं करायचं ते सांगणारं. त्यातलं एन हे एकच अक्षर घ्या. ओळी क्रमानं लावणाऱ्या सॉर्टला डॅश एन दिलं तर तो आकडे किमतीप्रमाणे लावतो, नाहीतर १०० हा ९ च्या आधी येऊन बसतो. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला दिलं तर सापडलेल्या ओळीचा क्रमांक दाखवतो. फाइलच्या पहिल्या ओळी दाखवणाऱ्या हेडला दिलं तर पुढे किती ओळी हव्यात तो आकडा द्यावा लागतो. दिलेला मजकूर छापणाऱ्या एकोला दिलं तर शेवटी नवी ओळ पडत नाही. मजकुरात बदल करणाऱ्या सेडला दिलं तर तो गप्प बसतो आणि सांगितलं तेवढंच छापतो. आमच्याकडे एका घरात थोरल्या भावाला अण्णा म्हणतात आणि शेजारच्या घरात वडिलांना. घर कुठलं ते माहीत असेल तरच अण्णा कोण ते कळतं. एन तसाच. आर त्याहून वाईट: सॉर्टला उलटा क्रम लाव म्हणून सांगतो, आणि आरएमला अख्खं फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडव म्हणून. व्हीचीही तीच गत. कॉपी करणाऱ्या सीपीला दिला तर तो काय करतोय ते बडबडत करतो, ग्रेपला दिला तर जुळणाऱ्या ओळी सोडून बाकीच्या दाखवतो.

याला कारण आहे. ही टूल्स ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वाढली त्या युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये झाली, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. पुढे वेगवेगळ्या माणसांनी आपल्या नडीला एकेक टूल लिहिलं. सगळ्यांनी बसून अक्षरं वाटून घेतली, असं काही झालं नाही. त्यात काम चालायचं टेलिटाइपवर, म्हणजे स्क्रीनऐवजी कागदावर छापणाऱ्या टाइपरायटरसारख्या यंत्रावर. मॉडेल ३३ नावाचं त्या काळचं यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. त्याच्यापुढे बसलेला माणूस अख्खा शब्द कशाला टाइप करील? डॅश डॅश रिव्हर्स असे वाचून कळणारे लांब ऑप्शन नंतर आले, ते मुख्यतः जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या टूल्समुळे. मी मुलांना सुरुवातीला तेच वापरायला सांगते. हात बसला की एक अक्षर आपोआप येतं.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच, त्यामुळे व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी तक्ते पाठ करत फिरणारी मुलं इथे पैशाला पासरी. फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसचे अमुक इतके ऑप्शन लिहा, असा प्रश्न विचारण्यात माझ्या मते काही अर्थ नाही. ज्या टूलचं मॅन पान, म्हणजे माहितीचं पान, त्याच मशीनमध्ये पडलेलं आहे, त्याची परीक्षा स्मरणशक्तीवर कशाला? मॅन सॉर्ट टाइप करा, तिरकी रेघ देऊन शब्द शोधा, स्मॉल एन दाबून पुढच्या ठिकाणी जा, क्यू दाबून बाहेर पडा. तेवढं येत असलं की झालं.

मग शिकायचं काय? आपल्याला फाइलला काय विचारायचंय ते, आणि टूल ओळ कशाला म्हणतं, अक्षर कशाला म्हणतं ते. एक उदाहरण जरा उलगडून सांगते.

खानापूर तालुक्यातल्या एका दूध सोसायटीनं दोन याद्या दिल्या, एक गेल्या वर्षाची, एक यंदाची. नवीन सभासद कोण आले, एवढंच हवं होतं. दोन्ही एक्सेलमधून टॅब घालून साध्या मजकुरात काढून घेतल्या. स्वल्पविरामाची फाइल मी टाळते, कारण पत्त्यात स्वल्पविराम असतोच आणि रकाने कापून काढणाऱ्या कटला अवतरणचिन्हं कळत नाहीत, तो दिसेल त्या स्वल्पविरामावर कापतो. कट डॅश एफ दोन दिलं की दुसरा, या याद्यांतला शेवटचा रकाना, म्हणजे नावं. त्यावर सॉर्ट. मग दोन सॉर्ट केलेल्या फाइल ताडून बघणारा कॉम. या कॉमचे ऑप्शन लोकांना उलटे वाटतात. तो तीन रकाने देतो: फक्त पहिल्या फाइलमधलं, फक्त दुसऱ्यातलं, दोन्हीतलं. ऑप्शनमध्ये जो आकडा द्याल तो रकाना तो लपवतो. म्हणजे डॅश एक-तीन दिलं की उरतं ते फक्त दुसऱ्या फाइलमधलं. आपलं नवीन सभासद.

कॉमनं जवळजवळ अख्खी यादी नवीन म्हणून दाखवली. सेक्रेटरी शेजारीच बसले होते. "सगळेच नवीन? मग जुने काय सोसायटी सोडून गेले काय वो?"

अशा वेळी टूलला शिव्या देऊ नयेत. आधी फाइल नावाची कमांड द्यावी. तिनं सांगितलं की जुन्या यादीच्या ओळी विंडोजच्या पद्धतीनं संपतात. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा घालतं, युनिक्स एक. ती जास्तीची खूण डोळ्याला दिसत नाही, पण कॉमच्या लेखी ती नावाचाच भाग. फाइल स्क्रीनवर छापणाऱ्या कॅटला डॅश कॅपिटल ए दिलं तर ओळीच्या टोकाला टोपी घातलेला एम दिसतो, तोच हा. खुणा बदलणाऱ्या किंवा काढणाऱ्या टीआरला डॅश डी देऊन ती खूण काढली, पुन्हा सॉर्ट, पुन्हा कॉम. आता मोजकी नावं उरली.

त्यात एक कऱ्हाडकर. सेक्रेटरी म्हणाले, हे तर आमच्या स्थापनेपासूनचे. दोन्ही याद्यांत नाव होतं आणि स्क्रीनवर दोन्हीकडे हुबेहूब सारखं दिसत होतं. मी दोन्ही ओळी ओडीमधून काढल्या, डॅश टी एक्स-एक देऊन, म्हणजे प्रत्येक बाइट (मशीनमधल्या साठवणीचा एकेक तुकडा) उघडा दिसतो. भानगड त्या अर्ध्या ऱ मध्ये होती. मराठीचा हा ऱ टाइप करायच्या तीन वाटा आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, त्याचं स्वतंत्र अक्षर आहे. साध्या र ला खाली नुक्ता (टिंब) देऊनही तो होतो. आणि र, हलन्त, त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक घातला तरी तोच आकार उमटतो. एका यादीत पहिली वाट, दुसरीत तिसरी. दोन वेगळ्या ऑपरेटरांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर भरलेलं, दुसरं काय. युनिकोडचं सामान्यीकरण करणारी, म्हणजे एकाच अक्षराची रूपं एकसारखी करणारी टूल्स पहिल्या दोन वाटा एकत्र आणतात, तिसरी मात्र तशीच राहते. तिच्यासाठी सेडमध्ये एक बदल स्वतः लिहावा लागतो. मराठी याद्यांचं काम करणाऱ्यानं ही एक ओळ कायम जवळ ठेवावी. शेतकऱ्यांची यादी म्हटलं की पहिल्या शब्दातच तो ऱ बसलाय.

अक्षर आणि बाइट यांतला फरक एकदा स्वतः करून बघा. एकोला बेळगाव द्या आणि पाइपमधून (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारी उभी रेघ) मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसीकडे पाठवा. डॅश एम दिलं तर ७ येतात, डॅश सी दिलं तर १९. डोळ्याला तर चारच अक्षरं दिसतात! ब, मात्रा, ळ, ग, काना, व असे सहा, त्यात ओळीचा शेवट एक. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणून अठरा अधिक एक. (सी म्हणजे कॅरेक्टर असं पोरं पाठ करतात. डब्ल्यूसीमध्ये सी म्हणजे बाइट.) कन्नडातलं बेळगावि दिलं तर २२, कारण शेवटची वेलांटी जास्त.

कन्नडाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, मला फार आवडतं. देवनागरीचा ब आणि कन्नडाचा ब यांच्या युनिकोड क्रमांकांत ८९६ चा फरक आहे. ग, व, ळ घेतले तरी बरोबर तेवढाच. भारतीय लिप्यांसाठी आधी इस्की नावाचं मानक होतं, त्याच्या मांडणीवरून युनिकोडनं या लिप्यांचे तक्ते घेतले, म्हणून आपापल्या तक्त्यात दोन्ही ळ एकाच जागी आहेत. बाइट बघितले तर तीनपैकी पहिला आणि शेवटचा सारखा, मधला तेवढा वेगळा. सीमाभागात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मी तरी बघितलेलं नाही.

याचा रोजचा उपयोग असा की ग्रेपला डॅश कॅपिटल पी देऊन 'कन्नड लिपीतलं कुठलंही अक्षर' असं मागता येतं. तीन लिप्यांच्या यादीतून कन्नड असलेल्या ओळी क्षणात वेगळ्या होतात, त्या कन्नड वाचणाऱ्या माणसाकडे द्यायला मोकळ्या. आकड्यांना मात्र जपा. मराठी किंवा कन्नड आकडे इंग्रजी करायला पहिल्यांदा टीआर आठवतो, पण लिनक्सवरचा टीआर बाइट बाइट बदलतो, तीन बाइटचा आकडा त्याला कळत नाही आणि फाइलचा चुराडा होतो. तिथे एका अक्षराजागी दुसरं घालणारा सेडचा वाय वापरावा. तोही लोकॅल (मशीनची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असेल तरच चालतो. नसेल तर दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून तक्रार करतो. तक्रार करतो ते बरंच, टीआर तेवढंही करत नाही.

गावांच्या नावांसाठी माझी ठरलेली साखळी आहे. कटनं गावाचा रकाना, मग सॉर्ट, मग सारख्या ओळी मोजणारा युनिक डॅश सी, मग सॉर्ट डॅश एन आर. मधला सॉर्ट हवाच, कारण युनिकला लागून आलेल्या सारख्या ओळीच तेवढ्या कळतात. या साखळीतून एकेका नावाची सगळी रूपं मोजणीसकट समोर येतात. बेळगाव, अनुस्वाराचं बेळगांव, बेळगावी, बेलगाम. शिवाय इंग्रजीत, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं त्याच्या आधीचं आणि नंतरचं. यातलं बरोबर कुठलं, ते मी ठरवत नाही. तो वाद माझ्या पगाराबाहेरचा. सोसायटी म्हणेल ते ठेवते. पण सहा रूपं आहेत हे त्यांना आधी दाखवावं लागतं. एकेक टूल पाइपनं असं जोडत जायचं, ही युक्ती बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांनी लावून धरली आणि १९७३ साली थॉम्पसननं ती युनिक्समध्ये बसवली. माझं पोट त्या एका उभ्या रेघेवर चालतं म्हटलं तरी चालेल.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. सॉर्टचं उत्तर बाणानं (>) त्याच फाइलमध्ये वळवू नका. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, ती फाइल रिकामी करतो. त्यासाठी डॅश ओ आहे. आणि रकान्यावर लावताना नुसतं डॅश के दोन दिलं तर दुसऱ्या रकान्यापासून ओळीच्या टोकापर्यंत सगळं धरलं जातं. फक्त दुसरा हवा असेल तर दोन, स्वल्पविराम, दोन.

आता राहिला मूळ प्रश्न. लक्षात माझ्या नाही, शेलच्या राहतं. दिलेली प्रत्येक कमांड बॅश हा माझा शेल एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. मुळात तो ५००च ठेवतो, पण हिस्टसाइज आणि हिस्टफाइलसाइज या दोन सेटिंग वाढवल्या की वर्षांचं काम साठतं. कंट्रोल आर दाबून त्यातला एखादा तुकडा टाइप केला की जुनी कमांड समोर हजर. पण सहा महिन्यांपूर्वीच्या त्या साखळीत कुठला तुकडा होता, हे तरी कुठे आठवतंय? म्हणून कमांड जमली की एंटर दाबायच्या आधी शेवटी एक जागा सोडून हॅशची खूण देते आणि पुढे आपल्या शब्दांत काम लिहिते: नवीन सभासद, कन्नड ओळी, ऱ दुरुस्ती. हॅशपुढचं शेल वाचत नाही, पण साठवतो. पुढच्या वेळी कंट्रोल आर दाबायचं, सभासद टाइप करायचं आणि फाइलचं नाव तेवढं बदलायचं. भाच्याला हे दाखवलं तर म्हणाला, "हे तर कॉपी करणं झालं की!" झालं तर झालं. त्याची व्हायव्हा आहे, मला संध्याकाळपर्यंत यादी द्यायची असते.