आवाज न चढवता वर्ग ताब्यात आणताना

सहावीला गटकाम दिलं की सुरुवातीला कुजबुज असते, पाहता पाहता तिचा गलका होतो. त्यावर आपण ओरडलो की मुलं आणखी मोठ्यानं बोलू लागतात. यात त्यांचा व्रात्यपणा नसतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञानं १९११ मध्येच दाखवून दिलं होतं. हे वाचल्यावर मी ओरडणं बाद केलं. घशानंही दुवा दिला असेल.

मग एक खूण ठरवली. मी फळ्याच्या कडेला ठरलेल्या जागी उभी राहून हात वर करणार. ज्याला दिसेल त्यानं हात वर करायचा, पेन्सिल खाली ठेवायची, गप्प व्हायचं. नुसतं सांगून भागत नाही, म्हणून मुद्दाम गलका करायला लावून सराव घेतला. गलक्याचा भाग मुलांना जरा जास्तच आवडला.

खरा कस लागतो तो वाट बघताना. हात वर आहे, बहुतेक मुलं शांत झालीत, मागच्या बाकावर दोघांचं चालूच आहे. ‘चला, सुरू करूया’ असं फार वाटतं. पण तिथे बोलायला लागलं की खूण गेलीच. पूर्ण गप्प होण्याची गरज नाही, हे मुलं लगेच ओळखतात. मी त्या दोघांच्या बाकापाशी जाऊन नुसती उभी राहते. नाव घेत नाही. नाव घेतलं की सगळा वर्ग वळून बघतो आणि तमाशा सुरू होतो.

तरी गलका उरलाच तर उलटे आकडे मोजते, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा हळू आवाजात. टाळ्यांचा ताल मात्र सोडून दिला. टाळ्यांनीच वर्ग रंगात यायचा.

शांतता मिळाली की ‘किती हा गोंधळ!’ असं सुनवायचा मोह होतो. त्यात ती मिळालेली शांतता वाया जाते. मी एकच छोटी सूचना देते: ‘वही उघडा, तारीख लिहा.’ दुसरी सूचना पहिली झाल्यावरच.

खेळाच्या तासानंतर मात्र ही खूण चालत नाही. तेव्हा फळ्यावर आधीच एक कोडं लिहून ठेवते, दारात उभी राहते आणि प्रत्येकाला फळ्याकडे बोट दाखवून आत सोडते.